‘९१ भर’ म्हणाला, पण कुठलं ९१? एका नव्या गाडीच्या पहिल्या २००० किलोमीटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी २०२३ चं, पुण्यातलं. गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण टाकलं की कुणाची ते लगेच कळेल, शहरात त्या रंगात तेवढ्याच आहेत. जर्मन बनावटीची सेडान, ३ लिटरचं सहा सिलेंडर टर्बो पेट्रोल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ५९ लिटरची टाकी, एवढं पुरे. मालकाला आपण डॉक्टर म्हणू. दातांचे डॉक्टर, वय पंचेचाळीस, याआधी बारा वर्षं एकच डिझेल हॅचबॅक वापरलेली आणि मनातल्या मनात ही गाडी दहा वर्षं चालवलेली.

मी चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी करतो, म्हणजे टेस्ट सेलच्या काचेपलीकडे इंजिन ओरडत असतं आणि आम्ही अलीकडे आकडे बघत चहा पीत असतो. डॉक्टर माझा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे गाडी बुक झाल्यापासून माझा फोन हेल्पलाइन झालेला.

गाडी पौषात तयार होती पण आईने आणू दिली नाही. पौष संपला, माघ लागला आणि २५ जानेवारीला गणेश जयंतीच्या दिवशी डिलिव्हरी घेतली. चार लिंबं, नारळ, पेढे, फोटो. ओडोमीटरवर ३८ किलोमीटर. आणि फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरला मेव्हणीचं लग्न, तिथे हीच गाडी न्यायची असं घरात ठरलेलं, किंवा खरं सांगायचं तर डॉक्टरने एकट्यानेच ठरवलेलं.

अडचण

अडचणी दोन होत्या. त्या वेगळ्या आहेत हे आम्हाला उशिरा कळलं, सुरुवातीला सगळी एकच खिचडी होती.

पहिली पेट्रोलची. डिलिव्हरीच्या गाड्यांमध्ये असतं तसं टाकीत नावाला पेट्रोल, पिवळा दिवा लागलेला. डॉक्टर तिथून थेट जवळच्या पंपावर गेला. पोरगा म्हणाला, "साधं का पॉवर? झिरो बघा साहेब." डॉक्टरला आदल्या रात्री सॅन होजेच्या मामेभावाने ठणकावून सांगितलेलं, त्याच्याकडे याच इंजिनाची गाडी आहे, की "९१ भर, ९१ च्या खाली अजिबात जाऊ नकोस." डॉक्टरने गूगल केलं होतं, भारतात बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) आल्यापासून साधं पेट्रोलच ९१ ऑक्टेनचं; ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटता किती तग धरतं त्याचा आकडा. मग काय, साधं फुल्ल. ५२ लिटर बसलं.

दुसरी अडचण गाडी मोकळी करण्याची, म्हणजे रनिंग-इनची, नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना बसेपर्यंत कशी चालवायची त्याची. इथे तीन सल्लागार आणि तीन तोंडं. स्वारगेटकडचा जुना मिस्त्री, ज्याने डॉक्टरची डिझेल बारा वर्षं सांभाळली, तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही, इंजिन टाइट असतं, आणि हजारला तेल बदलायचं म्हणजे बदलायचं." मामेभाऊ म्हणाला पहिल्या दिवसापासून दाबून चालव, पिस्टनच्या रिंगा तेव्हाच बसतात, नंतर बसत नाहीत. आणि क्लिनिकमधला एक पेशंट, त्याच्याकडे अशा दोन गाड्या, तो म्हणाला हल्ली सगळं फॅक्टरीतच होऊन येतं, काही करू नका, मजा करा.

मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पिशवी उघडलेली नव्हती.

९१ आणि ९१

चौथ्या दिवशी मामेभावाने त्याच्या पंपाचा फोटो पाठवला, बघ आमच्याकडे ९१ म्हणजे सगळ्यात भारी, प्रीमियम. डॉक्टरने तो मला पुढे ढकलला. मी झूम केला. पिवळं चौकोनी स्टिकर, त्यावर काळ्या मोठ्या अक्षरात ९१ आणि वरच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात (आर+एम)/२. सगळा घोळ त्या मुंगीएवढ्या अक्षरात होता.

ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन, आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर). दोन्हीसाठी एकच खास एक सिलेंडरचं इंजिन वापरतात, पण आरओएनला ते ६०० आरपीएमवर आणि मवाळ परिस्थितीत चालवतात, एमओएनला ९०० वर आणि आत जाणारं मिश्रण जवळपास १४९ अंशापर्यंत तापवून. दुसरी परीक्षा अवघड, म्हणून त्याच पेट्रोलला एमओएनमध्ये साधारण आठ-दहा मार्क कमी पडतात. आपल्याकडे आणि युरोपात पंपावर आरओएनचा आकडा लावतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लावतात. म्हणजे कॅलिफोर्नियाचं ९१ हे आपल्या मापाने ९५-९६ च्या घरात जातं, आणि आपलं ९१ तिकडे नेलं तर त्यांचं ८७, तिथलं सगळ्यात स्वस्त. डॉक्टरने भावाचं ऐकून नेमकं भावाने ज्याला नको म्हटलं तेच भरलं होतं.

मी फोन करून सांगितलं तर दोन सेकंद शांतता, मग, "म्हणजे इंजिन गेलं?"

नाही गेलं. पिशवी फोडायला लावली. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं की शिफारस ९५ आरओएनची, किमान ९१. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तेच चिकटवलेलं, पंपावर पोराने झाकण उघडलं तेव्हा ते डॉक्टरच्या नाकासमोर होतं. या दोन आकड्यांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक ‘किमान चालतं म्हणजे तेच भरू’ नाहीतर ‘किमान भरलं म्हणजे वाट लागली’ असं दोन टोकांना जातात. किमान म्हणजे इंजिन स्वतःला सांभाळून घेऊ शकेल अशी हद्द. नॉक सेन्सर ब्लॉकवर बसलेला असतो, पेट्रोल अवेळी पेटायला लागलं की त्याला ती थरथर कळते, कंट्रोल युनिट स्पार्क थोडा उशिरा टाकतं. इंजिन वाचतं, थोडी ताकद आणि थोडं अॅव्हरेज जातं. शिफारस म्हणजे ज्या पेट्रोलवर ही सांभाळासांभाळ करावी लागणार नाही.

काय काय पर्याय होते

टाकीत साधारण ४२ लिटर ९१ उरलेलं. समोर चार रस्ते.

एक, टाकी रिकामी करून घ्यायची. हल्लीच्या गाड्यांत नळी घालून ओढता येत नाही, वर्कशॉपमध्ये न्यावं लागतं, नवी गाडी पहिल्याच आठवड्यात उघडायची, आणि तेही किमान मर्यादेत बसणाऱ्या पेट्रोलसाठी. हे मी पहिल्याच वाक्यात उडवलं.

दोन, ऑक्टेन बूस्टरची बाटली. डॉक्टरला कुणीतरी आणूनही दिली होती, त्यावर ‘३० पॉइंट’ लिहिलेलं. डॉक्टरचा समज असा की ९१ चं १२१ होणार. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन, म्हणजे ३० पॉइंट म्हणजे ३, तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि त्यांच्या म्हणण्यानुसार. शिवाय काही बूस्टरमध्ये मँगनीजची संयुगं असतात, ती प्लगवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतात. नव्या गाडीत अनोळखी बाटली ओतायची नाही, विषय संपला.

तीन, वरून १०० ऑक्टेन टाकायचं. इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, त्यामुळे मिळायची अडचण नव्हती, अडचण दराची. साधं तेव्हा १०६ च्या आसपास आणि हे १६० च्या. मिश्रणाचा आकडा ढोबळमानाने सरळ सरासरीने निघतो, ४२ लिटर ९१ आणि १७ लिटर १०० म्हणजे ९३.६. हजारेक रुपये जास्तीचे घालून.

चार, काहीच करायचं नाही, हलक्या पायाने चालवत टाकी पाववर आणायची आणि मग ९५ भरायचं. १५ लिटर जुनं आणि ४४ लिटर ९५ म्हणजे ९४.

मी चौथा सांगितला, आणि कारण दुसऱ्या अडचणीतच होतं. रनिंग-इनमध्ये तसंही पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाहीये. नॉकिंग जास्त लोडवर होतं, लोडच नसेल तर ९१ ला त्रास व्हायची वेळच कमी येते. म्हणजे योगायोगाने चुकीचं पेट्रोल त्यातल्या त्यात बरोबर वेळेला भरलं गेलं होतं.

डॉक्टर हो म्हणाला. दीड महिन्याने ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल शोधताना मला एक पावती सापडली, त्याच रात्रीची, १०० ऑक्टेन, दोन हजार रुपये. साडेबारा लिटर. हिशेब केला, टाकी ९३ वर गेली होती. मी काही बोललो नाही, माणसाला झोप लागायला पाहिजे.

रनिंग-इनचं काय ठरवलं

इथे तिन्ही सल्लागार थोडे थोडे बरोबर होते, म्हणूनच गोंधळ जास्त.

पेशंटचं म्हणणं घ्या. फॅक्टरीत इंजिन तपासतात हे खरं, पण ती तपासणी छोटी असते, बऱ्याच ठिकाणी तर इंजिन न पेटवता नुसतं मोटारने फिरवून बघतात. आमच्या टेस्ट सेलमध्ये नवीन इंजिन आलं की आम्ही मोजमाप सुरू करायच्या आधी त्याला कित्येक तास स्पीड आणि लोड पायऱ्यापायऱ्याने वाढवत चालवतो आणि ब्लो-बाय बघतो, म्हणजे रिंगांच्या फटीतून किती वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोय. सुरुवातीला तो जास्त असतो, मग उतरत उतरत एका आकड्यावर स्थिर होतो. तो उतरताना स्क्रीनवर दिसतो, त्यामुळे ‘रनिंग-इन ही जुनी अंधश्रद्धा’ वगैरे मला कुणी सांगू नये. अमेरिकेतली कॉर्वेट सी८ ही स्पोर्ट्स कार तर पहिले ५०० मैल पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क स्वतःच कमी ठेवते, मालकावर विश्वासच नाही.

मामेभावाचं म्हणणं, रिंगा लोडने बसतात. हेही खरं, ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला सिलेंडरच्या भिंतीवर दाबतो, अगदी गोंजारत चालवली तर तो दाबच मिळत नाही. पण गाडी म्हणजे फक्त रिंगा नाहीत. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंगं, ब्रेक पॅड, टायर सगळंच नवं.

आणि मिस्त्रीचं ‘साठच्या वर नको’. त्याच्या काळच्या इंजिनांना ते ठीक असेल, पण या गाडीला ६० वर ठेवली की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सातव्यात जाऊन बसतो आणि इंजिन जेमतेम अकराशे-बाराशेवर घुटमळतं. तिथून चढ आला, तुम्ही पाय दाबला, की कमी आरपीएमवर मोठा लोड. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला हाच प्रकार सगळ्यात नकोसा, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका तिथेच असतो. म्हणजे सांभाळून चालवायच्या नादात नको तिथे ताण, आणि तेव्हा टाकीत ९१.

मॅन्युअल मात्र सरळ होतं. २००० किलोमीटरपर्यंत ४५०० आरपीएम आणि १६० च्या वर नाही, पूर्ण थ्रॉटल आणि किकडाउन (पेडल तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडणं) नाही, वेग आणि आरपीएम बदलते ठेवा. त्यानंतर हळूहळू वाढवा. टायरला पहिले ३०० किलोमीटर पूर्ण पकड नाही, ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला ५०० किलोमीटर. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत. फोक्सवॅगनमध्ये पहिले १००० किलोमीटर कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशच्या आत आणि १५०० पर्यंत हळूहळू मोकळीक, सुबारू पहिले १००० मैल ४००० आरपीएम सांगते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावायचा नाही.

ठरलं ते असं. पहिली दहा मिनिटं इंजिन तापेपर्यंत अडीच हजाराच्या आत. मग शहरात नेहमीसारखं, फक्त इको मोड बंद, कारण तो उगाच वरच्या गिअरला ढकलतो. आणि रविवारी सकाळी वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि परत. घाट कशाला, तर चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलचा लोड मिळतो, उतरताना पाय सोडून इंजिन ब्रेकिंग, आणि वळणावळणावर ब्रेकचा मध्यम वापर, पॅड आपोआप बसतात. दोन रविवार असे झाले. पहिल्या रविवारी पसरणीच्या वरच्या वळणावर टेम्पोमागे अडकलो, डॉक्टरने गिअर ऑटोवरच ठेवलेला, गाडी पाचव्यात गुरगुरत चढत होती, सीटमधून एक बारीक हादरा पाठीला लागत होता. मी म्हटलं स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढ, गिअर खाली येईल. हादरा थांबला, काटा अडीच हजारावर, गाडी तीच, रस्ता तोच. डॉक्टर म्हणाला, "हे साठच्या नियमात कुठं होतं?"

मग समृद्धी

लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी ओडोमीटर ६४० वर. पुणे ते शिर्डी १८५ च्या आसपास, शिर्डीपासून नागपूर समृद्धीने ५२० (डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेला तेवढाच टप्पा). जाऊन-येऊन १४०० च्या वर. म्हणजे रनिंग-इनचा जवळपास सगळा उरलेला भाग एका सरळसोट रस्त्यावर, १२० ला क्रूझ कंट्रोल लावून, आठव्या गिअरमध्ये, अठराशे आरपीएमच्या आसपास, तासन्‌तास. मॅन्युअलमध्ये ‘बदलते ठेवा’ लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट.

पर्याय होते. गाडी घरी ठेवून विमानाने जा, हे डॉक्टरला सांगायची माझी हिंमत झाली नाही. जुन्या रस्त्याने जा, संभाजीनगर, जालना, मेहकर करत, चौदा-पंधरा तास, मागे आई आणि मुलगी, वहिनींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तिसरा, समृद्धीनेच पण क्रूझ कंट्रोलला हात लावायचा नाही. मीही लग्नाला चाललोच होतो, पुढच्या सीटवर बसून हा प्रयोग चालवायचं माझ्याकडे आलं.

पद्धत साधी. २०-२५ मिनिटं नेहमीसारखं, मग पाय सोडून वेग ९० पर्यंत आपोआप पडू द्यायचा, ब्रेक नाही, मग पाचव्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने परत १२०, तिथे आरपीएम साडेतीन हजाराच्या पुढे जातं आणि मर्यादेच्या आतच राहतं. पाय सोडल्यावर निर्वात तयार होऊन रिंगांकडे तेल खेचलं जातं, दाबल्यावर दाब मिळतो, दोन्ही होतं. मागे कुणी जवळ असेल तर नाही करायचं. वाशिम जिल्ह्यात शिरेपर्यंत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं इंजिन बसेल, माझं जेवण बसत नाहीये." तिथून पुढे आम्ही वाढवणं-उतरवणं अर्ध्यावर आणलं.

पेट्रोलचं आधी ठरवून ठेवलं होतं. शिर्डीला ९५ ने टाकी काठोकाठ, कारण तेव्हा समृद्धीवर पंप मोजकेच आणि त्यात ९५ मिळेल याची खात्री नाही. ५९ लिटर, हायवेला दहा-अकराचं अॅव्हरेज, नागपूर गाठायला आरामात पुरतं. जाताना सगळं व्यवस्थित झालं. परत येताना नाही. नागपूरहून निघायला उशीर, नेहमीच्या पंपावर ९५ संपलेलं, दुसरा पंप शोधायला कुणी तयार नाही, म्हणून अर्ध्या टाकीवर निघालो आणि वाटेत १५ लिटर साधं टाकलं. टाकीत ९५ उरलेलं होतंच, त्यामुळे मिश्रण ९३-९४ राहिलं असणार. मी ओबीडी डोंगल (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा) लावून ठेवला होता, आधीच्या ९१ वाल्या पहिल्या टाकीवर घाटात स्पार्कचं मागे सरकणं दोन-तीन अंश दिसायचं, ९५ वर जवळपास शून्य, इथे अधूनमधून एखादा अंश. फेब्रुवारीचं विदर्भातलं दुपारचं ऊन धरून. हे एका गाडीचे, माझ्या फोनवर दिसलेले आकडे, कुणी यावरून तक्ता बनवू नये.

मेहुण्याचं प्रकरण

हळदीच्या रात्री धाकटा मेहुणा चावी घेऊन गेला. भाऊजींची नवी गाडी, "फक्त एक चक्कर, भाऊजी." स्पोर्ट मोड, रिकामा रिंग रोड, आणि पाय फ्लोअरला. ओडोमीटर तेव्हा १३६० च्या आसपास. परत आला तो डोळे मोठे करून, "काय खतरनाक पळते हो, साडेसहा हजारापर्यंत गेला काटा!"

डॉक्टरचा चेहरा मी दातांच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा पहिल्यांदाच बघितला.

मी मेहुण्याला एवढंच विचारलं की घरून निघाल्या निघाल्या दाबली का थोडं चालवून. म्हणाला, आधी पंधरा मिनिटं सिग्नलमध्ये अडकलो होतो. बरं. म्हणजे तेल गरम होतं. आणि किती वेळा? दोनदा. टाकीत काय होतं? शिर्डीचं ९५. मग ठीक आहे, गरम इंजिनाला दोनदा पूर्ण थ्रॉटल दिल्याने काही मोडत नाही. थंड तेलावर साडेसहा हजार झालं असतं तर मी एवढा शांत नसतो. तरी डॉक्टर दोन दिवस बॉनेट उघडून आवाज ऐकत होता, मंडपात वऱ्हाडी मंडळींना वाटलं गाडी बिघडली, एक काका तर जंप स्टार्टची वायर घेऊन आले.

खरा निर्णय पुढे होता, झालं ते झालं म्हणून आता नेहमीसारखी चालवायची की २००० पर्यंत तेच पाळायचं. पाळलं. चावी मात्र सासूबाईंच्या कपाटात गेली.

तेल बदललं का

पुण्यात परत आलो तेव्हा २०५० च्या आसपास. या मॉडेलला कंपनी २००० ला सर्व्हिस मागत नाही. याच घराण्यातल्या पूर्ण रेसिंग वंशाच्या गाड्यांना मागते, त्यांचं इंजिन आणि डिफरन्शियलचं तेल तेव्हा बदलतात. म्हणजे करायचं तर स्वतःच्या खर्चाने. मिस्त्रीचा आग्रह, मामेभावाचाही, या एका बाबतीत दोघांचं एकमत. माझं मत, नाही बदललं तरी चालेल, बदललं तर तोटा नाही, पैसे तुझे. अट एकच, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच स्पेकचं तेल, अधिकृत ठिकाणी, नोंद आणि बिलासकट, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न नको.

साडेसहा लिटर तेल निघालं. फिल्टर मी मागून घेतला, घरी आणून कापला, कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरल्या आणि टॉर्च मारला. घडीच्या तळाशी बारीक चकाकी, रांगोळीत चमकी मिसळतात तशी, बोटाने घासली तर खडा लागत नाही. नव्या इंजिनात एवढं दिसतं. डॉक्टर म्हणाला, "बघ, बदललं म्हणून निघालं." मी म्हटलं, ते फिल्टरमध्ये अडकलंच होतं, फिल्टर त्यासाठीच असतो. यावर आमचं आजही एकमत नाही.

निकाल

गाडीला आता ३० हजारांच्या पुढे झालेत. दोन सर्व्हिसच्या मध्ये तेल वर टाकावं लागलेलं नाही. ते रनिंग-इनमुळे की ते इंजिनच मुळात चांगलं म्हणून, हे एका गाडीवरून सिद्ध होत नाही, त्याच्या सिलेंडरच्या भिंतीवर लोखंडाचा फवारलेला थर असतो, जुन्या ओतीव लायनरइतकी घासाघीस त्याला लागतही नाही.

पेट्रोल कायम ९५. १०० ऑक्टेन डॉक्टरने नंतर दोन टाक्या भरून बघितलं, फरक जाणवला म्हणाला, मी डोंगलवर बघितलं तर ९५ वरही स्पार्क मागे सरकत नव्हता, म्हणजे वाचवायला काही नव्हतंच. टाकीमागे तीन हजार रुपये जास्त, ते त्याने टायरला ठेवले.

मधल्या काळात प्रश्नच बदलला ही गंमत. आम्ही नागपूरला निघायच्या काही दिवस आधी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, उद्घाटन झालं होतं, तेव्हा मोजक्या पंपांवर, आणि आता साधं पेट्रोल म्हणजे तेच. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या वर, त्यामुळे आकडा चढतो, २०२५ मध्ये मंत्रालयाने ई२० ला ९५ म्हटलं. मग डॉक्टरचा फोन, "म्हणजे आता साधंच भरू?" पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, आणि पाइप, सील, पंप त्याला चालणारे आहेत का हा वेगळा प्रश्न. झाकणाच्या आतल्या स्टिकरवर ऑक्टेनच्या शेजारी ‘ई’ आणि त्यापुढे आकडा असतो, आता आधी तो बघायचा. आणि ९५ नावाने मिळणाऱ्या प्रीमियममध्येही इथेनॉल असू शकतं, ते नाव फक्त ऑक्टेनचं आहे. मी त्याला सर्व्हिस सेंटरकडून त्याच्या चासी नंबरसाठी लेखी उत्तर मागायला लावलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, डिलिव्हरीच्या दिवशी फुल्ल टाकी कशाला? दिवा लागलाय तर दहा लिटर टाकायचं, घरी यायचं, पिशवी फोडायची. आमचे निम्मे फोन वाचले असते.

मी स्वतः चुकलो ते समृद्धीच्या बाबतीत. ६४० वर निघण्याऐवजी आधीच्या चार आठवड्यांत अजून तीन-चार घाट करून १२०० पर्यंत न्यायला हवी होती, वेळ होता, आळस मलाही होता. किंवा जाताना जालन्याला खाली उतरून पुढचे शंभर किलोमीटर जुन्या रस्त्याने काढता आले असते, गाव, स्पीडब्रेकर, ओव्हरटेक, सगळं आपोआप बदलतं राहिलं असतं आणि वहिनींचं जेवणही बसलं असतं. पुढच्या सीटवरून ‘सोड, आता दाब’ सांगत राहणं हा कृत्रिम उपाय होता, तासाभराने कुणालाही कंटाळा येतो, शेवटच्या दोनशे किलोमीटरला आम्ही काही केलेलंच नाही.

मेहुण्याला चावी द्यायची की नाही यावर लिहीत नाही, सासरचा विषय आहे. पण या गाडीत चावीगणिक प्रोफाइल असतं, त्यात थोडी शोधाशोध करून निदान स्पोर्ट मोडमध्येच सुरू होणार नाही एवढं तरी आधी करून ठेवता आलं असतं, ते मॅन्युअलमध्ये पान दीडशेच्या पुढे कुठेतरी होतं आणि आम्ही पेट्रोलच्या पानावरच थांबलो होतो.

आणि मामेभाऊ. त्याला मी सविस्तर समजावलं, आरओएन, एमओएन, सरासरी, सगळं. त्याने अंगठा पाठवला. मागच्या दिवाळीत डॉक्टरच्या पुतण्याने नवी हॅचबॅक घेतली तेव्हा फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "काँग्रॅट्स! ९१ भर."